हवा खाली बसते तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'हवा' हा शब्द फार कामाचा, आणि तितकाच घोटाळ्याचा आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर कोणी 'आज हवा खराब आहे' असे म्हणाले, तर वारा पिसाळला आहे, होडी बाहेर काढू नये, असा त्याचा अर्थ. तेच वाक्य जानेवारीत आंबा बागायतदाराच्या तोंडून ऐकू आले, तर आभाळ धरले आहे, मोहोराचे काही खरे नाही, असे समजावे. आणि दम्याच्या रुग्णाला डॉक्टर जेव्हा तेच सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात वारा नसतो की ढग नसतो. श्वासाबरोबर छातीत काय जाते, याची त्यांना काळजी असते. शास्त्राने 'हवामान' आणि 'हवेची शुद्धता' अशी या शब्दाची वाटणी केली आहे व दोन्हींसाठी वेगळी खाती, वेगळी उपकरणे ठेवली आहेत. परंतु रत्नागिरीपुरते बोलायचे, तर ही वाटणी न करणारा आपला जुना शब्दच अधिक खरा आहे, असे मला वाटते. कारण येथील हवा शुद्ध की अशुद्ध, हे धूर किती झाला यापेक्षा वारा कसा आहे यावर अधिक ठरते.

रत्नागिरीची हवा स्वच्छ आहे, असे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. गणपतीला आलेले चाकरमानी स्टँडवर उतरल्याबरोबर छाती भरून श्वास घेतात आणि 'काय हवा आहे!' म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ठरलेल्या मर्यादेत हवा राखू न शकलेली म्हणून ज्या शहरांची त्यात नोंद झाली, त्यांत महाराष्ट्रातील दीड डझनाहून अधिक शहरे आहेत. घाटापलीकडची आपली शेजारी कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही त्या यादीत आहेत, रत्नागिरी नाही. पण चाकरमानी येतात भाद्रपदात, पावसाने आभाळ धुऊन काढल्यावर. केवळ दिवाळीच्या दिवशी एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या रोजच्या जेवणाचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे.

येथील हवा समजून घ्यायची तर आधी जमिनीचा विचार करावा लागतो. रत्नागिरी हे वस्तुतः एक गाव नसून दोन गावे आहेत, एक वरचे आणि एक खालचे. मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, कुवारबाव हे सारे सड्यावर. राजिवडा, मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये हे खाली, खाडीच्या आणि समुद्राच्या अंगाला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. पुढे १९१० साली तो ज्या वाड्यात राहायला गेला, तो वाडाही सड्याच्या कडेवरच आहे, जिथे भाट्याच्या खाडीवरून वारा सरळ अंगावर येतो. महाबळेश्वरसारखे हे काही साडेचार हजार फुटांवरचे थंड हवेचे ठिकाण नव्हे. पण उंची थोडी असली तरी सडा तो सडाच. जांभ्याचा हा कातळ उघडा असतो. दिवसा तो लवकर तापतो आणि रात्री तितक्याच लवकर निवतो. वर पाणी टिकत नाही, माती नाही. म्हणून जुन्या वाड्या वसल्या त्या खाली, पऱ्याकाठी आणि खाडीकाठी. माणसाने पाणी पाहून वस्ती केली. आणि रात्रीची थंड हवासुद्धा पाण्याच्याच वाटेने खाली उतरते. पुढचे सगळे या एका गोष्टीतून निघते.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारा येतो, आणि वर्षाच्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसापैकी बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. वारा नैर्ऋत्येकडून, हजारो मैल समुद्रावरून येतो. वाटेत ना चूल, ना गिरणी, ना मोटार. जे काही धुळीचे कण उरतात ते पाऊस खाली आणतो. या काळात वाऱ्यात असते ते मीठ. घरांचे पत्रे, खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या इतक्या लवकर का गंजतात, ते समुद्राला विचारावे. हवा शुद्ध म्हणजे प्रकृतीला चांगली, असेही मात्र नाही. आषाढात भिंतींना ओल येते, वह्यांना नि कपड्यांना बुरशी धरते, आणि दम्याच्या माणसाला ही शुद्ध हवाच मानवत नाही. असो. बाहेरचे माप घेणाऱ्या यंत्राला घरातली बुरशी दिसत नाही.

ऑक्टोबरात मोसमी वारा माघारी फिरतो. अंगाला घाम, आभाळात संध्याकाळचा गडगडाट आणि कापलेल्या भाताचा वास, असे पंधरा-वीस दिवस जातात. मग एके पहाटे अंगणात दव पडलेले दिसते आणि वर्षातला तो काळ सुरू होतो, ज्याबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे.

हवा साधारणपणे जमिनीजवळ उबदार आणि वर जावे तसतशी थंड असते. एक किलोमीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. उबदार हवा हलकी म्हणून ती वर चढते, आणि चुलीचा धूर तिच्याबरोबर वर जाऊन विरतो. पण हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून देते व तिला चिकटलेली हवा गार होते. गार हवा जड. ती सड्याच्या उतारावरून घरंगळत पऱ्याच्या, नदीच्या खोलगटात येऊन साचते. तिच्या वर राहते उबदार हवा. म्हणजे नेहमीची उतरंड उलटी होते. खालची जड हवा वर चढू शकत नाही आणि वरची हलकी खाली येत नाही. टोपावर झाकण ठेवावे तसे होते. शास्त्रज्ञ याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसे 'हवा खाली बसली' एवढेच म्हणतात, आणि मला तरी त्यात अधिक काही सांगायचे राहिले आहे असे वाटत नाही.

हे पाहायला पुस्तक लागत नाही. काजळी नदीच्या खोऱ्यातून सकाळच्या एस.टी.ने जे विद्यार्थी कॉलेजला येतात, त्यांना हे रोज दिसते. गाडी खाली असते तोवर नारळी-पोफळींच्या शेंड्यांवर एक पांढुरका पट्टा आडवा ताणलेला असतो. गाडी चढ चढून सड्यावर आली की ऊन पडलेले असते, आभाळ निळे असते, आणि मागे वळून पाहावे तर आपण ज्यातून आलो ते खोरे दुधाने भरल्यासारखे दिसते. सारे म्हणतात, 'काय छान धुके आहे!' त्यात धुके असतेच. खाडीचे बाष्प असते. पण जरा नाकाने विचार केला तर त्यात ओल्या लाकडाचा, जाळलेल्या पातेऱ्याचा वास असतो. नुसते धुके नव्हे, हे धुरके आहे. पहाटे साडेपाचला वाडीतल्या चुली पेटतात. आंघोळीच्या पाण्याच्या वेगळ्या. घराघरांतून गॅस आला तरी पाणी अजून पुष्कळ ठिकाणी लाकडांवरच तापते, कारण सिलिंडरला पैसे पडतात आणि बागेतल्या वाळक्या फांद्या फुकट असतात. मग अंगण झाडून पातेरा पेटवला जातो. बाजारपेठेत कोणी कचरा पेटवतो, त्यात प्लॅस्टिक असते. या प्रत्येकाचा धूर थोडासाच. पण झाकणाखाली थोडेसुद्धा साचत जाते. नऊ-साडेनऊच्या सुमाराला ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, खालची हवा तापते, झाकण फुटते आणि दहा-साडेदहाला वर पाहिले तर काही घडलेच नव्हते, असे आभाळ.

हे झाकण काय करू शकते, ते जगाने पाहिले आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये ते पाच दिवस उघडले नाही. कोळशाच्या धुराने हजारो माणसे दगावली. आपल्याकडे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तो जमिनीलगत वस्त्यांमधून पसरला, त्यालाही थंडीतली ती स्थिर हवा साहाय्यभूत झाली. रत्नागिरीची तुलना लंडनशी किंवा भोपाळशी करावी असा माझा हेतू नाही. येथे चुलीचा धूर आहे, विषारी वायू नव्हे. परंतु नियम तोच आहे. किती धूर सुटला यापेक्षा कोणत्या वेळी सुटला, हे अधिक महत्त्वाचे असते.

येथे कोणी म्हणेल, समुद्र आहे ना! आहे; पण समुद्र काही एकाच दिशेने काम करीत नाही. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा येतो; रात्री जमीन निवते, जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा सुटतो. परीक्षेत आकृती काढून आपण ते विसरलो. त्या आकृतीचा एक अर्थ असा की, रात्री मतलई वाऱ्याबरोबर समुद्रावर गेलेल्या धुरापैकी काही भाग दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत घरी येतो. शिवाय हिवाळ्यात मोठा वाराही जमिनीकडून समुद्राकडे असतो. १९९९ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हिंदी महासागरावर मोठी पाहणी केली. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे तिचे नेते होते. हिवाळ्यात भारताच्या किनाऱ्यापासून दूर, जिथे एक माणूस राहत नाही तिथे समुद्रावर, उपखंडातून आलेल्या धूर-धुळीचा तपकिरी थर त्यांना आढळला. अर्थात तो थर आपल्या डोक्यावरूनच तिकडे गेला असणार. समुद्रकाठ ही काही हमी नव्हे, हे मुंबईने दाखवून दिले आहेच. तिथली हवा इतकी बिघडली की ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आता रत्नागिरीत हवेचा प्रश्न निघाला की तो आंब्यापाशी येऊन थांबतो. यात काही जणांना हसू येते. माणसांपेक्षा कलमांची काळजी, असे ते म्हणतात. पण ज्यांचे वर्षाचे कर्ज, मुलांची फी आणि लग्नकार्य एका मोहोरावर अवलंबून असते, त्यांना असे हसता येत नाही. आणि योगायोग असा की, मोहोर येण्याचे दिवस आणि हवा खाली बसण्याचे दिवस तेच आहेत. मोहोराला थंडी लागते. थंडी हवी तर निरभ्र, निवांत रात्र हवी. आणि तशी रात्र म्हणजेच झाकण.

१९९२ साली येथे तांबे शुद्ध करण्याच्या स्टरलाइट कारखान्याला परवानगी मिळाली. तांब्याच्या खनिजात गंधक असते, ते जाळताना गंधकाचा दाहक वायू सुटतो. त्याला पकडून आम्ल बनवतात, तरी सारा पकडला जातोच असे नाही. बागायतदार, मच्छीमार, शहरातली माणसे १९९३ मध्ये रस्त्यावर आली. काम थांबले आणि १९९४ मध्ये परवानगी मागे घेतली गेली. कारखाना तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०१८ च्या मे महिन्यात तेथील आंदोलकांवर गोळीबार होऊन तेरा जणांचा मृत्यू झाला आणि कारखान्याला टाळे लागले. रत्नागिरीकरांनी आपली पीडा दुसऱ्यांच्या गळ्यात घातली, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. मात्र आंब्याविषयीची त्यांची भीती अडाणीपणाची होती, असे कोणी म्हणू नये. उत्तर प्रदेशात आणि बिहारात वीटभट्ट्यांच्या आसपासच्या बागांत आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते, हे फार जुने निरीक्षण आहे. भट्टीच्या धुरातील गंधकासारख्या वायूंमुळे ते होते, असे संशोधकांनी दाखविले आहे.

जयगडला मात्र कारखाना झाला. बाहेरून आणलेल्या कोळशावर चालणारा १,२०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प २०१०-११ पासून तेथे उभा आहे. त्याविरुद्ध हापूसच्या बागायतदारांनी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. तेव्हापासून एक वाद चालू आहे. मोहोर काळा पडला, फळ गळले, की बागायतदार चिमणीकडे बोट दाखवतो. दुसरी बाजू म्हणते, तुमच्या बागेवर भुरी आणि तुडतुडे आहेत, हवामानाला दोष द्या. मला या वादाची गंमत वाटत नाही, खेद वाटतो. कारण भुरीला जी दमट, कोंदट, ढगाळ हवा लागते, तिच्यात वाराही पडलेला असतो, आणि वारा पडला की धूर, धूळ, वायू जे काय असेल ते कलमांवरच रेंगाळते. दोन्ही एकाच दिवशी येतात. कोणाचा दोष किती, हे वेगळे काढायचे तर तासातासाची वाऱ्याची दिशा, दव, तापमान आणि वायूंचे प्रमाण बागेतच मोजायला हवे. वर्षाच्या सरासरीने ते कधीच कळणार नाही. आणखीही एक गोष्ट बागायतदार सहसा बोलत नाहीत. तुडतुड्यांवर जी औषधे फवारली जातात, तीही पहाटेच्या या पडलेल्या हवेतच, कारण वारा असला की औषध झाडावर बसत नाही. फवारणारा गडी तोंडाला एक फडके बांधतो, एवढेच त्याचे संरक्षण.

सरासरीची गोष्ट निघालीच आहे, तर ती थोडी उलगडून सांगतो. हवेतील सर्वांत घातक धूळ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण; माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतके. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. भारताने २००९ साली ठरविलेल्या मानकांप्रमाणे हे कण एका घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ असे कितीतरी खाली आणले. आता केवळ उदाहरणादाखल समजा की, एखाद्या गावी आठ महिने हे प्रमाण २० आहे आणि हिवाळ्याचे चार महिने ६५. बेरीज करून बाराने भागले की वर्षाची सरासरी ३५ येते. गाव उत्तीर्ण! पण चार महिने तेथील प्रत्येक दिवस नापास झालेला असतो. तोच प्रकार दिवसाचा. पहाटे पाच ते नऊपर्यंत साचलेला धूर दुपारच्या मोकळ्या वाऱ्यात वाटून टाकला की चोवीस तासांची सरासरी सभ्य दिसते. त्या चार तासांत चुलीपुढे बसलेली बाई सरासरीने श्वास घेत नाही. हातातल्या मोबाइलवर आपल्या गावाचा आकडा दिसतो म्हणून खुशाल असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, जिथे यंत्र नाही तिथला आकडा बहुधा उपग्रह आणि गणित यांवरून काढलेला अंदाज असतो. पऱ्याकाठच्या वाडीतले झाकण त्या गणिताला दिसेलच असे नाही.

शिमग्याच्या सुमारास हवेची आणखी एक तऱ्हा होते. पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असेल तर दुपारचा खारा वारा उशिरा येतो, आणि एखाद्या दिवशी फाल्गुनातच वैशाखासारखा ताव बसतो. सड्यावरचे गवत कडकडीत वाळलेले असते. कोणाची विडी, कोणाचा खोडसाळपणा, कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून लावलेली काडी. वणवा पेटतो आणि बघता बघता काजू-आंब्याच्या बागेत शिरतो. चिरेखाणींची आणि रस्ता रुंदीकरणाची तांबडी धूळ याच दिवसांत उडते. ती कपड्यांवर दिसते म्हणून तिच्याबद्दल ओरड होते. धुराचे बारीक कण दिसत नाहीत म्हणून होत नाही.

वणवा हा अपघात किंवा गुन्हा. भाजावळ हे मात्र शेतीचे काम आहे. भाताचा तरवा जिथे पेरायचा, त्या जागेवर तोडलेली कवळ, पातेरा, शेण पसरून चैत्र-वैशाखात जाळतात. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते आणि रोपे उपटायला जमीन भुसभुशीत होते. शेतीतज्ज्ञ न जाळता गादीवाफ्यावर रोपे करा असे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण गादीवाफ्याला खत आणावे लागते, तण हातांनी काढावे लागते. आणि ज्या घरातील तरुण मुंबईला आहेत, तिथे हे हात कोणाचे? जाळणाऱ्याला अज्ञानी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

त्यातही खरी अडचण वेळेची आहे. धूर निघून जायचा तर वारा हवा. म्हणजे भाजावळ दुपारी, खारा वारा सुटल्यावर करायला हवी. पण आग आटोक्यात ठेवायची तर वारा नको. दुपारच्या वाऱ्यात एक ठिणगी शेजारच्या कलमबागेत गेली तर दहा वर्षांचे झाड एका घटकेत जाते, आणि शेजाऱ्याशी कायमचे वैर येते ते निराळे. म्हणून सारे शहाणे शेतकरी भाजावळ पहाटे लावतात, हवा खाली बसलेली असते तेव्हाच. चार माणसे हातांत ओले टाळे घेऊन कडेने उभी राहतात, आग शिस्तीत पुढे सरकते, कोणाचे नुकसान होत नाही. आणि सगळ्या वाडीचा धूर पोफळींच्या उंचीवर जाऊन थांबतो, तो खाडीतून वारा वर येईपर्यंत.